पी टाळून लिहिलेलं

रत्नाक्का,

तू गेल्याचं सर्क्युलर फिरत फिरत शेवटी माझ्याच टेबलावर आलं. रंगनाथन सारनी मसुदा हातानं लिहून दिला होता आणि पहिल्याच ओळीत होतं, ‘एक्स्पायर्ड’. मी टाईप केलं, ‘डाइड’. सार कागद घेऊन परत आले, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, शालिनी, हे फार उघडंवाघडं दिसतं, मी लिहिलंय तेच करा. मी म्हटलं, नाही करणार. का? म्हटलं, त्या शब्दात पी आहे. मग त्यांना आठवलं असावं. तिथंच वाकून त्यांनी सही केली आणि गेले. दुपारपर्यंत सगळ्या सेक्शननी ते वाचलं, ‘सो सॅड’ म्हटलं आणि मंडळी कँटीनला गेली. त्या दिवशी बिशीब्याळी भात होता.

अजून तुझं तेरावं व्हायचंय, आणि जो तो मला येऊन सांगतोय, सुटली बिचारी. सुटली म्हणे! तू काय तुरुंगात होतीस? तू मल्लेश्वरममध्ये तुझ्या घरी, तुझ्या खाटेवर, अम्मांच्या डोळ्यांसमोर होतीस आणि तुला सुटायचं नव्हतं. हे मला ठाऊक आहे. यांना काय ठाऊक? पण किती जणांशी भांडू? म्हणून तुझ्याशीच बोलते. तुझ्याशी मराठीत बोलायची सवय आहे, आणि ऑफिसात आता मराठी कळणारं कुणी उरलेलं नाही.

आपली ओळख शिवीनं झाली, आठवतं? मी नुकती बेळगावहून जयनगरला दादाकडं आले होते. कारखान्याच्या टायपिंग सेक्शनमध्ये पहिलाच दिवस. ओळीनं मशिनं, कानठळ्या बसवणारा तो खडखडाट, आणि माझ्या मशिनचा गाडा मध्येच अडकून बसला. मी दातओठ खात पुटपुटले, ‘‘मेलं हे यंत्र!’’ शेजारच्या टेबलावरून, बोटं न थांबवता, मान न वळवता तू म्हणालीस, ‘‘मेलं नाही गे. स्वल्प अडकलंय.’’ तुझ्या कपाळावरचं कुंकू, ती दंडापर्यंत बाह्या असलेली पोलकी, कन्नड बोलणं, मी तुला इथलीच समजले होते. तू इथलीच होतीस म्हणा. ‘‘आमचे लोक कधी आले ते देवाला ठाऊक. आले, घोडे बांधले, आणि राहिले,’’ असं तू सांगायचीस. तुझं मराठी ऐकून मला हसू यायचं. ‘गं’ला तू ‘गे’ म्हणायचीस, ‘बरं’ला ‘सरी’, ‘पुरे’ला ‘साकु’. मी चिडवायचे, की अक्का, तुझं मराठी संग्रहालयात ठेवायला हवं. तू म्हणायचीस, आणि तुमचं बेळगावचं मराठी ऐकलं की वाटतं कुठंतरी भांडण लागलंय, जाऊन सोडवावं.

मला टायपिंग येतं असा माझा समज होता. परीक्षा पास झाले होते की! तू एक दिवस बघितलंस, आणि दुसऱ्या दिवशी घरून पातळ पंचा आणून माझ्या दोन्ही हातांवर टाकलास. ‘‘आता मार.’’ मला एक ओळ धड मारता येईना. सगळा सेक्शन फिदीफिदी हसतोय आणि मी पंच्याखाली चाचपडतेय. ‘‘अक्षरांकडं बघायचं नाही गे. स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधताना दिवा लावतेस का?’’ बोटांची तू नाती लावली होतीस. तर्जनी म्हणजे मोठी सून, तिला सगळीकडं फिरावं लागतं. मधलं बोट सासरा, उंच, कामाला बेताचं. आणि करंगळी धाकटी सून. अंगानं सगळ्यात लहान, आणि तिच्याच डोक्यावर सगळ्यात जड कामं: शिफ्ट दाबून धरायची, टोकाला जाऊन ए मारायचा, पलीकडच्या टोकाला पी मारायचा. ‘‘तिला जपायचं,’’ म्हणायचीस. मी हसायचे. मला काय कल्पना.

वेगाच्या तुझ्या युक्त्या कुठल्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत नव्हते. ‘द’ मारताना टी, एच, ई असं मनात मोजायचं नाही, एकच ठोका. ‘विथ रेफरन्स टू युअर लेटर’ ही पाच शब्दांची ओळ नव्हे, ही एक उडी. टॅबचे खुंट आधीच लावून ठेवले की तारीख, पत्ता, खालची सही आपोआप जागच्या जागी. कार्बन घालून कागदांचे जुडगे सकाळीच करून ठेवायचे, म्हणजे दुपारी सार डोक्यावर उभे राहिले तरी हात थांबत नाही. तू टाईप करत असलीस की आवाज कसा यायचा? तांदूळ ओतल्यासारखा, सलग. मध्ये ओळ संपल्याची घंटी आणि पुन्हा सलग. मी आयुष्यात तेवढं सुंदर काम कुणाला करताना पाहिलं नाही. तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, ‘‘अय्यो, काम कर गे.’’

मग तुझा पी पुसट व्हायला लागला.

तू म्हणालीस रिबन गेली. रिबन बदलली. तू म्हणालीस, मशिनची कळ जड झालीय. मेकॅनिक आला, तेल घालून गेला. बाकीची अक्षरं काळीभोर आणि पी मात्र धुक्यातनं बघितल्यासारखा. एकदा आपण दोघींत एक कॉफी घेतली, तू तुझा वाटा उचललास आणि मी बघितलं, तुझ्या उजव्या हाताची करंगळी लोट्याला टेकतच नव्हती. आकड्यासारखी आत वळलेली. तू माझी नजर बघितलीस आणि पदराखाली हात घेतलास. ‘‘थंडी आहे,’’ म्हणालीस. बंगळुरात थंडी असतेच, मीही ‘हो’ म्हटलं.

टाईप न करणाऱ्याला वाटेल, एक बोट गेलं तर गेलं, दुसऱ्यानं मारा. दादाही हेच म्हणाला होता. त्याला काय समजावणार? दुसरं बोट पीकडं नेलं की अख्खा हात जागचा उठतो. उठलेला हात परत बसताना एक घर चुकला की पुढची सगळी ओळ गेली. आणि चुकू नये म्हणून बघून मारावं तर वेग मेला. तुझ्यासारखीनं बघून मारायचं म्हणजे जन्मभर पोहलेल्या माणसानं काठ धरून चालायचं.

तुला भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती तू मला बसथांब्यावर उभ्या उभ्या सांगितलीस. ‘‘कळलं तर काढणार नाहीत गे. ते फार चांगले लोक आहेत. एका कोपऱ्यात स्टूल देतील आणि बसवून ठेवतील. मला ती दया नको. माझं मशिन जाऊ नये, एवढंच बघ.’’ तुझ्या घरी तू आणि अम्मा, दोघीच. लग्नाचं वय तू हसत हसत मागं टाकलं होतंस. त्या मशिनपुढं तू जी होतीस ती दुसरीकडं कुठंच नव्हतीस, आणि हे मला सांगायची गरज नव्हती.

युक्ती तुझीच. मसुद्यात ‘प्लीज’ होतं. तू थांबलीस आणि मारलंस, ‘काइंडली’. मी शेजारून वाचलं, तुझ्याकडं बघितलं, आणि आपल्या दोघींना असं हसू फुटलं की सार केबिनच्या बाहेर आले. त्या दिवसापासून आपला खेळ सुरू झाला. ‘रिप्लाय’ दिसला की ‘आन्सर’. ‘सप्लाय’ दिसला की ‘फर्निश’. ‘डिपार्टमेंट’ला ‘सेक्शन’. ‘कॉपी’नं मात्र छळलं. कॉपीत पी, म्हणून डुप्लिकेट म्हणावं तर त्यातही पी! शेवटी तू ‘कार्बन’ लिहायला लागलीस. उजवं शिफ्ट धरता येत नाही, तर डाव्या हातानं शिफ्ट लॉक करायचं, मोठं अक्षर मारायचं, सोडायचं. हे सगळं पापणी लवायच्या आत. तारखेत एप्रिल आला की तू चार आकडा घालायचीस, सप्टेंबरला नऊ. महिन्याला दुसरं नाव कुठून आणणार? आणि गंमत अशी, की सार खूष! ‘‘रत्नाबाईंच्या पत्रांतली अदब वाढली आहे,’’ म्हणाले, ‘‘शिका जरा.’’ सगळ्या सेक्शनला ‘काइंडली’ची लागण झाली. माझीही पत्रं बिनपीची व्हायला लागली, उगीचच, तुझ्या जोडीला.

आणि तो ‘पोस्टपोन्ड’! कुठल्याशा टेंडरचं पत्र, वेळ अजिबात नाही, आणि शब्दात दोन पी आणि दोन ओ. तोपर्यंत करंगळीशेजारचं बोटही ढिलं पडायला लागलं होतं, त्यामुळं ओसुद्धा जड. मी माझ्या मशिनवरून दात चावत बघतेय, आता ही काय करते. तू डोळे मिटलेस. मग डावा हात एकदाच खाली उतरला. ‘डिफर्ड’. अख्खा शब्द डाव्या हातानं! उजवा नुसता मांडीवर. तू माझ्याकडं वळून म्हणालीस, ‘‘बघितलंस? हा शब्द माझ्यासाठीच करून ठेवला होता कुणी.’’ तुझा चेहरा तेव्हा असा होता की मला वाटलं, आपण जिंकलो. खरंच वाटलं, अक्का.

त्या संध्याकाळी संपिगे रोडवर अवरेकाय घेता घेता मी तुला माझं तत्त्वज्ञान सांगितलं. म्हटलं, बघ, प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द असतो. एक बोट गेलं तरी भाषा संपत नाही. तू शेंगा नाकाशी नेऊन वास घेत होतीस. म्हणालीस, ‘‘नसतो गे. काहींना असतो.’’

‘‘सगळ्यांना असतो. शोधावा लागतो.’’

‘‘तू लहान आहेस.’’

‘‘आणि तू हेकट आहेस!’’

‘‘सरी,’’ म्हणालीस, ‘‘पावशेर अजून घे.’’

हा वाद मग आपण कितीदा घातला असेल. तू कधी चिडून घातला नाहीस. मी मात्र दर वेळी तावातावानं, जणू तुझा आजार हरायला माझं जिंकणं पुरेसं होतं.

खरं भांडण झालं ते वेगळ्या गोष्टीवरून. तुझ्या ट्रेमधले पी-पीनं भरलेले मसुदे मी उचलले आणि माझ्या मशिनला लावले. तू उठलीस, माझ्या मशिनमधून कागद ओढून काढलास, आणि अख्ख्या सेक्शनदेखत म्हणालीस, ‘‘माझ्या नावाचं काम तू करायचं नाही. साकु!’’ मला इतकं लागलं! म्हटलं, चांगुलपणा दाखवायला गेले नि तोंडघशी पडले. आपण बोलणं टाकलं. तुझ्याशी न बोलता शेजारी बसणं म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आता रोज बघते. तेव्हा निदान शेजारून खडखडाट तरी येत होता. शेवटी तूच डब्यातलं कोडबळं माझ्या टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, ‘‘अम्मानं केलंय, माझ्यावरचा राग अम्मावर कशाला?’’

मग पाईप आला.

चार अक्षरं, त्यातले दोन पी. स्टोअर्ससाठी भाव मागवायचं पत्र होतं. मला आधी विचारलं होतंस, पाईपला काय म्हणायचं? मी झटकन सांगितलं, ट्यूब. आपल्या भाषेत दोन्ही नळीच की! कन्नडातही कोळवेच. तुलाही पटलं. आपण दोघी भाषांच्या पंडिता, लोखंडाचं आपल्याला काय कळतंय? तू पत्रभर ‘ट्यूब’ मारलंस, सारनी न वाचता सही केली, पत्रं गेली. आणि काही दिवसांनी स्टोअर्सचा इंजिनिअर तणतणत आला. पाईप म्हणजे पाईप आणि ट्यूब म्हणजे ट्यूब, मापं वेगळी, काम वेगळं, मागायचे होते कशाचे भाव आणि आलेत कशाचे! माल यायच्या आत निभावलं, पण मसुदा काढून बघितला तेव्हा सारना कळेना, हे झालं कसं. मसुद्यात स्वच्छ पाईप लिहिलेलं.

मी उठून सांगणार होते, शब्द माझा आहे. तू खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलंस, आणि केबिनमध्ये जाऊन सारच्या टेबलावर तुझा उजवा हात ठेवलास. काचेतून मला दिसत होतं. तू काय बोललीस ते ऐकू आलं नाही. सार उभे राहिले. त्यांनी तुला खुर्ची दिली. पाणी मागवलं. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, की आता घोटाळा झाला, हा माणूस रागावणार नाही. रागावला असता तर तू वाचली असतीस.

आणि झालं तुझ्या भीतीसारखंच. कोपऱ्यातलं टेबल, आवक टपालावर शिक्के मारायचं काम, ‘आराम करा, घाई नाही’. तू एक आठवडा शिक्के मारलेस. मग राजीनामा दिलास, तो मला टाईप करू दिला नाहीस. एकेक अक्षर बघून, तर्जनीनं, सगळे पी मारलेस. ‘प्लीज अ‍ॅक्सेप्ट’. एवढंसं पत्र आणि तुला अर्धी दुपार लागली. बाहेर पडताना म्हणालीस, ‘‘पाईपला नव्हता ना गे दुसरा शब्द?’’ मला अजून हार मानायची नव्हती.

डॉक्टर म्हणाले, नसा सुकतायत, हातापासून सुरू झालंय, वर चढेल, औषध नाही. हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं, मी अम्मांना मराठीत सांगितलं, आणि मराठीत सांगताना ‘औषध नाही’ हे गाळलं. अम्मांचे अंगारे झाले, काढे झाले, आनेकलजवळच्या कुण्या वैद्याचं तेल झालं. दुसरा हात गेला. मी ऑफिस सुटलं की बस धरून मल्लेश्वरमला यायचे, तुला भरवायचे, केस विंचरायचे, सेक्शनच्या चहाड्या सांगायचे. नवी आलेली पोरगी बघून बघून टाईप करते म्हटल्यावर तू केवढी हसलीस! ‘‘पंचा घाल तिच्या हातावर.’’

आणि मग तुझे ओठ मिटेनासे झाले.

आधी मला कळलंच नाही. तू ‘पाणी’ म्हणायच्या ऐवजी ‘नीरु’ म्हणायला लागलीस. मला वाटलं, आजारात माणूस लहानपणी गल्लीत बोललेल्या भाषेत जातं. मग कॉफीला तू ‘ते कडू’ म्हणालीस. ‘माझं’ला ‘नन्नदु’. मी बाजूला बसून ऐकतेय, ऐकतेय, आणि एकदम लक्षात आलं. प नाही. फ नाही. ब, भ, म नाही. ओठ मिटून म्हणायची सगळी अक्षरं तू गाळत होतीस. तोच खेळ! मशिन गेलं तरी तू तेच करत होतीस, मराठीत अडलं की कन्नडात उडी, कन्नडात अडलं की मराठीत. दोन भाषा होत्या म्हणून तू इतके दिवस बोललीस. मी तुझ्याकडं बघितलं, तुला कळलं की मला कळलंय. तू डोळ्यांनी हसलीस. मी हसले नाही, मला जमलं नाही.

पण ‘अम्मा’चं काय करणार होतीस? त्यात दुसरं काहीच नाही, नुसता ओठ मिटायचा. एका संध्याकाळी अम्मा आतून येत होत्या, आणि तू त्यांना हाक मारलीस, ‘‘तायी.’’ कन्नडात आईच ती. शब्द बरोबर होता. अम्मा दारात थांबल्या. ‘‘तायी कोण गे?’’ म्हणाल्या, ‘‘मी काय रस्त्यावरची म्हातारी आहे का तुझी? जन्मात मला तायी म्हटलं नाहीस.’’ त्या चेष्टेनं म्हणत होत्या. तू ओठ जवळ आणायला लागलीस. मी बघत होते, अक्का. गालाची शीर हलत होती, डोळ्यांतून पाणी आलं, आणि ओठ मिटेनात. नुसता श्वास बाहेर आला. अम्मांनी तांब्या खाली ठेवला आणि त्या तुझ्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. ‘‘राहू दे. राहू दे बाळा. मी आहे ना.’’ मी अंगणात जाऊन उभी राहिले. नारळाच्या झाडाला लाथा घालाव्याशा वाटल्या. देवाचं नाव त्या दिवसापासून मी घेतलेलं नाही, आणि कुणी माझ्यापुढं काढूही नये.

परत आत आले तेव्हा तू माझी वाट बघत होतीस. आपला वाद कोण जिंकलं, हे तुला म्हणायची गरज नव्हती. पण मी तरी हट्टी, म्हटलं, अक्का, ‘आई’ म्हण, त्यात ओठ लागत नाही. तू मान हलवलीस. नको. आई हा बरोबर शब्द होता आणि तो तुझ्या अम्माचा नव्हता. आपल्या वादातलं हे तुझं शेवटचं म्हणणं. तरी मी हरले असं म्हटलं नाही. ते तेव्हाच म्हणायला हवं होतं, तुला बरं वाटलं असतं. हरले, अक्का. नसतो. काही शब्दांना नसतो.

पुढं जिभेचीही अक्षरं गेली. त आणि न गेले, क गेला. आपण नवी पद्धत लावली: तुझ्या तोंडून जेवढं येईल तेवढं यायचं, पुढचं मी म्हणायचं. बरोबर असेल तर तू डोळे मिटायचेस, चूक असेल तर नजर भिंतीकडं. मी त्यात तरबेज झाले होते. तू नुसता ‘ए’ काढलास की मी म्हणायचे, एकीकडं वळव, आणि वळवायचे. ‘ऊ’ म्हटलंस की ऊन लागतंय. अम्मांना जमायचं नाही, त्या रडायच्या, आणि मला हाका मारायच्या, ‘‘शालू, ही काय म्हणते बघ गे!’’ मला त्याचा अभिमान वाटायचा. आता सांगते, तू मेल्यावर तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला असं वाटायला लागलं होतं, की मी आहे तोवर तुझं बोलणं जाणार नाही.

तुझ्यामुळं माझी बोटं न बघता चालतात. सेक्शनमधली सगळ्यात जलद टायपिस्ट आता मी आहे. सारनी परवा सगळ्यांदेखत म्हटलं. तुझं मशिनही त्यांनी मलाच दिलंय, माझ्या मशिनपेक्षा हलकं चालतं म्हणून. मी त्यावर काम करते. घंटी वाजते, गाडा ढकलते, पुढची ओळ घेते. मला त्यात काही वाटत नाही. वाटेल असं वाटलं होतं.

त्या शेवटच्या संध्याकाळचं मी कुणाला सांगितलेलं नाही. अम्मा देवळात गेल्या होत्या. मी तुझी उशी सारखी करून बसले होते. तू माझ्याकडं नजर लावलीस आणि म्हणालीस, ‘‘आ.’’

मी म्हटलं, आण? काय आणू? भिंत.

आत? आत नेऊ? भिंत. आवाज होतोय? आग होतेय? भिंत. आत्ता? आठवलं काही? मी म्हटलं, आयतू, संपलं, असं म्हणतेस का? तू माझ्याकडं बघून पुन्हा म्हणालीस, ‘‘आ.’’ लांब, सावकाश, जणू मंद मुलाला शिकवतेय. मी कन्नडातले शब्द काढले, मराठीतले काढले, इंग्रजीसुद्धा सोडलं नाही. आनंद म्हटलं, आशीर्वाद म्हटलं, तेव्हा तर मलाच माझी लाज वाटली. भिंत, भिंत, भिंत. तू थकलीस. घाम आला होता तुला. मी तो पुसला आणि म्हटलं, ‘‘असू दे अक्का. मी आज रात्रभर आठवते सगळे शब्द. उद्या येते, उद्या सांग.’’

तू माझ्याकडं बघत राहिलीस. मग डोळे मिटलेस. हो.

सकाळी तुमच्या समोरच्या घरातले मामा आमच्या दारात उभे होते, पहिली बस धरून आलेले. त्यांनी तोंड उघडायच्या आतच मला कळलं. तुलाही आदल्या संध्याकाळी कळलं होतं, याची मला खात्री आहे. उद्या नाही हे ठाऊक असून तू हो म्हणालीस, मी सुखानं घरी जावं म्हणून. मी गेलेही. बसमध्ये मला झोप लागली.

अक्का, तू काय म्हणत होतीस?